भाव वाढला की कोपरा दुमडतो

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या अमेरिकी खेळाची १९९३ पासून हजारो कार्डे निघाली. त्यांतली सर्वांत नाजूक कोणती? ज्यांचा भाव काल रात्री वाढला, ती.

१६ डिसेंबर २०२४ रोजी खेळाच्या ‘मॉडर्न’ या प्रकारात ‘मॉक्स ओपल’ हे कार्ड वापरण्यावरची जवळपास पाच वर्षांची बंदी उठली आणि त्याचा भाव भडकला. अशा घोषणेच्या आदल्या दिवशी कोणी स्वस्तात ऑर्डर दिली असेल, तर काही ऑनलाइन विक्रेत्यांचा निरोप ठरलेला: क्षमस्व, पाकिटात घालताना कार्डाचा कोपरा दुमडला, पैसे परत केले आहेत. पैसे खरेच परत येतात हो, त्या बाबतीत मंडळी सचोटीची! तासाभराने तेच कार्ड त्याच दुकानात, नव्या भावाने, ‘नियर मिंट’ म्हणजे जवळपास नव्याकोऱ्या अवस्थेत झळकते. कोपरा बरा झालेला असतो.

भाव पडताना मात्र कार्डांची प्रकृती ठणठणीत. २३ सप्टेंबर २०२४ ला ‘कमांडर’ प्रकारात ‘मना क्रिप्ट’ आणि ‘ज्वेल्ड लोटस’वर बंदी आली, किमती धाडकन कोसळल्या. तेव्हा आदल्या दिवशीच्या चढ्या भावाची ऑर्डर ‘साठ्याची नोंद चुकली’ म्हणून कोणा विक्रेत्याने आपणहून रद्द केल्याचे ऐकिवात नाही. नोंदवह्यासुद्धा बाजार बघूनच चुकतात.

तेव्हा ग्राहकहो, असा निरोप आला की भांडत बसू नका. नम्रपणे एवढेच कळवा: दुमडलेलेच चालेल, पाठवून द्या.