इंजिन ‘दुरुस्त’ करणाऱ्या अज्ञात महाशयांस

भोकर, जि. नांदेड

श्री. रा. रा. पूर्वमालक महाशय यांसी,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, गावही ठाऊक नाही. पण तुमच्या हाताची ओळख पुरती पटली आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात वाफेच्या आगगाडीच्या इंजिनाचं जे छोटं विलायती मॉडेल मी घेतलं, ते कधीकाळी तुमच्याकडे होतं. डबल ओ मापाचं, म्हणजे खऱ्या इंजिनाचा सुमारे शहात्तरावा हिस्सा. सहा चाकं, १२ व्होल्टची मोटर, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. विकणाऱ्यानं “चालू आहे, जरा साफसफाई मागतंय” एवढंच सांगितलं. त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या चादरीवर शेजारी इस्त्री होती, दुर्बीण होती, एका पायाचा चष्मा होता. त्याला कशाकशाचं ठाऊक असणार? तुम्हाला मात्र सगळं ठाऊक होतं. म्हणून पत्राचा मान तुमचा.

आधी तुमच्या कर्तबगारीची दखल घेतो. गिअरबॉक्समध्ये तुम्ही खोबरेल तेल घातलंत. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली किराणा दुकानात मिळते, पण तुमचा जीव इंजिनावर, तेव्हा त्याला केसांइतकंच जपायला हवं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, हे मराठवाड्यात थंडीच्या दिवसांत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोटरीचे कार्बन ब्रश दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा हरवल्यावर तुम्ही बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवलीत. तिचा दाब इतका, की कम्युटेटरवर खाचा पडल्या. चाकाची पकड वाढवणारा रबरी टायर गेला, तिथं भाजीच्या जुडीचं रबर आलं. आणि रॉडचा स्क्रू! मूळ छिद्र ८ बीएचं, म्हणजे २.२ मिलिमीटरचं, जुन्या इंग्रजी पद्धतीच्या आट्याचं. त्यात तुम्ही अडीच मिलिमीटरचा स्क्रू पिळून बसवलात. बसला! तुमच्या मनगटाला मानलं पाहिजे.

यातलं काहीच मला फारसं टोचलेलं नाही, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तेल पुसता येतं, स्प्रिंग बदलता येते, टायरच्या जागी बारीक ओ-रिंग चालते. कार्बन ब्रश मिक्सरच्या ब्रशमधून कानशीनं घासून काढता येतो. आपल्या भागात जुगाड हा गुन्हा नाही. इथं निम्मी पेरणी जुगाडावर होते.

तुमचा गुन्हा वेगळा आहे. मधल्या आसावर एक गिअर होता. मोटरीच्या दांड्यावरचा, स्क्रूसारख्या आट्यांचा वर्म तो गिअर फिरवतो आणि बाकीची चाकं रॉडनं त्याच्यामागे ओढली जातात. म्हणजे अख्ख्या इंजिनात असा गिअर एकच. तो प्लास्टिकचा होता आणि तडकला, यात तुमची चूक नाही. लोखंडी आसावर दाबून बसवलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षं आक्रसत जातं आणि एक दिवस दोन दातांच्या मधून फुटतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. तुम्ही तो गिअर काढलात, त्याच्या जागी सीडी प्लेअरमधला गिअर फेव्हिक्विकनं चिकटवलात, आणि मूळचा फुटका गिअर केरात टाकलात.

महाशय, तो केर नव्हता.

कोणत्याही मिस्त्रीकडे जाऊन बघा. भोकरला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जळकी पाण्याची मोटर नेली, तर कारागीर आधी जुन्या कॉइलचे वेढे मोजतो, तारेचा नंबर बघतो, मगच ती उपसतो. नांदेडला लेथवर काही करून घ्यायला गेलं, तर पहिला प्रश्न ठरलेला: “नमुना आणलाय का?” माझं इंजिन हातात घेऊन तिथल्या पोरानं उलटंपालटं केलं, तुमच्या गिअरकडे बघून हसला आणि म्हणाला, “काका, हे ह्याचं नाहीच. जुनं कुठंय? कामून फेकलं?” आता ‘कामून’चं उत्तर मी काय देऊ? ते तुम्ही द्या.

खरी रेल्वेसुद्धा याच नियमानं जगली आहे. अमेरिकेतल्या आल्को कंपनीनं १९६९मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं. पण १९६१ साली वाराणसीला डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला तो आल्कोच्याच तंत्रावर. ड्रॉइंगं आणि ज्ञान इथं आलेलं होतं. म्हणून मूळ कंपनी संपल्यावरही त्या घराण्याची इंजिनं आपल्याकडे कित्येक दशकं बनत राहिली, आणि मुदखेड–आदिलाबाद मार्गावर मीटरगेज होतं त्या काळातली वायडीएम-४ इंजिनंसुद्धा त्याच घराण्यातली. छोट्या गाड्यांचंही तसंच. लिव्हरपूलमधला मेकॅनो या खेळण्यांच्या कंपनीचा बिन्स रोडचा कारखाना १९७९मध्ये बंद पडला, त्याची हॉर्नबी-डब्लो ही छोट्या गाड्यांची मालिका तर त्याच्या पंधरा वर्षं आधीच थांबली होती; तरी तिचे सुटे भाग इंग्लंडात आजही मिळतात. कारण तिथल्या लोकांनी मोडकी इंजिनं जपली, त्यांचे भाग सुटे करून विकले आणि त्यांच्यावरून नवे बनवले. कारखाना नसला तरी चालतं, नमुना लागतो.

“मग मागवा की बाहेरून,” असं तुम्ही म्हणाल. मागवतो. पण काय मागवू? नाव, नंबर, माप काहीतरी सांगावं लागतं. शिवाय अशा मालावर खेळणं म्हणून शिक्का बसतो. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३मध्ये ७०. नखाएवढ्या गिअरचा अंदाज एकदा चुकला, की टपाल आणि ड्युटीसकट सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मग हिशेब मांडून बसलो. व्हर्निअर घेतला. वर्मचे आटे तुमच्या गिअरनं बरेच चावून खाल्ले आहेत, पण कडेचे शाबूत होते. पाच आट्यांचं अंतर ६.२८ मिलिमीटर. म्हणजे एका आट्याचं १.२५६, त्याला पायनं (π) भागलं की ०.४. हे झालं गिअरचं मोड्यूल, म्हणजे दातांचं माप. तुमचा सीडी प्लेअरचा गिअर ०.५चा. ०.४च्या वर्मवर ०.५चे दात चालवायचे आणि वर आवाज येतो म्हणून खोबरेल ओतायचं, ही कल्पना पेटंट घेण्यासारखी आहे.

आता दात किती? हे वर्मच्या दांड्यापासून चाकाच्या आसापर्यंतच्या अंतरावरून काढता येतं. वर्मचा मधला व्यास ५ मिलिमीटर आहे. मूळ अंतर ६.९ असेल तर गिअरचा व्यास ८.८ येतो, म्हणजे दात २२. अंतर ०.२नं जास्त निघालं तर दात २३, कमी निघालं तर २१. इतका साधा हिशेब. पण आस ज्या खाचेत बसतो ती खाच तुम्ही कानशीनं खोल करून ठेवली आहे, कारण तुमचा गिअर मोठा होता आणि मावत नव्हता. म्हणजे नमुना फेकलात तो फेकलात, ज्या जागेवरून त्याचं माप निघालं असतं तीही घासून टाकलीत. इतकं नीटनेटकं काम सराईत गुन्हेगारालाही जमत नाही.

लेथवाल्याकडे ०.४चं कटर नाही, असण्याचं कारणही नाही. त्याच्याकडे उसाच्या रसवंतीचे आणि पिठाच्या गिरणीचे गिअर येतात. तयार पितळी गिअर मिळतात, ते ३ मिलिमीटरच्या छिद्राचे. आपला आस एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.१७५. छिद्र मोठं करून देणं त्याला जमतं. तेव्हा आता २१, २२ आणि २३ असे तिन्ही गिअर मागवले आहेत. खाचेत पितळेची पट्टी डाक देऊन भरायची आणि एकेक लावून बघायचा. जो वर्मशी न अडखळता फिरेल तो खरा. एका फुटक्या चकतीचं मोल तीन नव्या गिअरांत मोजतो आहे.

तेव्हा विनंती एवढीच: घरातले खण, औषधांचे डबे, शिवणाच्या पेट्या एकदा उपसून बघा. पांढरट, एका बाजूला चिरलेली, बोटाच्या पेरावर मावणारी चकती सापडली तर पाठवा. फुटकी चालेल. अर्धी असली तरी दात मोजून दुप्पट करता येतात. आणि यापुढे काहीही खोललंत, मग तो मिक्सर असो की घड्याळ, तर काढलेला भाग डबीत टाका आणि वर चिठ्ठी चिकटवा. पुढच्या माणसाची मोठी सोय होते.

कळावे,
तुमच्या इंजिनाचा सध्याचा मालक

ता. क. – तुमचा सीडी प्लेअरचा गिअर मी फेकलेला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून इंजिनाच्या खोक्यात ठेवला आहे. वर चिठ्ठी लावली आहे : ‘हा ह्या इंजिनाचा नव्हे. मोड्यूल ०.५. लावू नये.’