मुलांना घरकाम शिकवण्याची शास्त्रोक्त पद्धत

आधी मुहूर्त. मुलांना घरकाम शिकवण्याचा मुहूर्त 'परीक्षा संपल्यावर' असतो, यावर सर्व पालकांचं एकमत आहे. परीक्षा संपली की सुट्टी लागते, सुट्टीत दमलेल्या जिवाला आराम हवा असतो, आणि जूनमध्ये शाळा उघडली की वेळ कुणाला आहे? या पद्धतीने मूल सुखरूप पंचविशीला पोचतं आणि मग एका रात्री बंगळुरूहून फोन येतो, "आई, डाळीत पाणी किती घालू?"

एवढा धीर नसणाऱ्यांसाठी उन्हाळी शिबिरं आहेत. तिथे विनाअग्नी पाककला शिकवतात, म्हणजे ब्रेडला चटणी लावतात. फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं. तेच मूल घरी येऊन स्वतःचं ताट विसळायला उचलतं तेव्हा आतून आवाज येतो, "ठेव तिथे, ओटा भिजवशील." शिबिराची फी तिथेच पाण्यात जाते.

हे खूळ नवं नाही. गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली; तो वेळापत्रकात आला, आणि त्याच्या वस्तू आदल्या रात्री अकरा वाजता आईबाबा बनवू लागले. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढून खेड्यातल्या मुलांना खरोखरीची कामं करत शिकवलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. धोरणं पुष्कळ झाली. अडलंय ते ओट्यापाशी.

कारण तिथे 'राहू दे, मीच करते' हे दैवत उभं असतं. वेळ नाही ही त्याची आवडती सबब. वास्तविक वेगळा वेळ काढायचाच नसतो. कुकर रोज लागतो, कपडे रोज वाळतात. फक्त दहा मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तोंड मिटून उभं राहावं लागतं. ते जमत नाही.

बाबांची तऱ्हा निराळी. ते कुकर लावायला शिकवताना दाबापासून सुरुवात करतात. बंद भांड्यात दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. बरोबर आहे. व्याख्यान संपेपर्यंत आईने भात लावलेला असतो, आणि जादा गॅस्केट कोणत्या डब्यात आहे हे बाबांना ठाऊक नसतं. मुलाला सांगायचं ते इतकंच: तूरडाळ अर्धा तास भिजव. तांदळाला दुप्पट पाणी, डाळीला थोडं जास्त. कुकरच्या तळाशी पाणी घातलंस ना? शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून बघ, आरपार दिसलं पाहिजे. आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. या शेवटच्या नियमात विनोद नाही.

बाजाराचा धडा भेंडीपासून सुरू करावा. टोक कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. हे ज्ञान मिळालेलं मूल आनंदाने अर्ध्या ढिगाची टोकं मोडतं आणि भाजीवाल्या मावशी म्हणतात, "मोडली तेवढी सगळी घेऊन जा बाळा." त्या आठवड्यात घरात तीनदा भेंडी होते. हिशोबही आपोआप शिकून होतो.

बटण लावणं: शिकवावं. मुलग्यालाही.

मेथी निवडण्यासाठी आजीची नेमणूक करावी. तिच्यासारखा शिक्षक नाही, कारण तिला कुठे जायचं नसतं. ती पेपर पसरते, कोवळे देठ ठेवायचे आणि जाड टाकायचे एवढं एकदा दाखवते आणि मग शेजारच्यांच्या भानगडी सांगत बसते. भाजी कधी संपली ते मुलाला कळत नाही. कागदावर देठांपेक्षा पानंच जास्त पडलेली दिसली तरी ती काही बोलत नाही.

एक गोष्ट मात्र रागाने सांगायला हवी. या घरांत भांडी घासायला येणाऱ्या कितीतरी बायकांच्या दहा-बारा वर्षांच्या मुली आई परतायच्या आत पाणी भरून, भात टाकून ठेवतात. त्यांच्या भावांना ते येत नाही. तिथे कौतुकही नाही आणि निवडही नाही. इकडे त्याच वयाचा मुलगा अंडं उकडतो आणि त्याचा व्हिडिओ सोळा नातेवाइकांना जातो.

तेव्हा येत्या रविवारी कुकर मुलाकडे द्यावा. पालकांनी स्वयंपाकघरातच स्टुलावर बसावं, हात मांडीवर ठेवावेत. भात गिच्च झाला तर तो मुकाट्याने खावा, वर तूप घ्यावं. शिट्ट्या मोजायला हरकत नाही. फक्त मनातल्या मनात मोजाव्यात.