जयपूरला पाणी बघायला जावं

किनाऱ्यावरचं जुनं शहर कसं बघावं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. मालवणला सकाळी होडीने सिंधुदुर्ग, दुपारी सुरमईचं ताट, मग वामकुक्षी. मतभेद झालाच तर सुरमई की पापलेट एवढाच. तोच माणूस जयपूरला उतरला की गांगरतो. समुद्र नाही, मासळी नाही, आणि नदी म्हणावी तर द्रव्यवती, जिची ओळख बरीच वर्षं नाला म्हणूनच होती. मग तो दिवसभर गुलाबी भिंतींचे फोटो काढतो आणि रात्री हॉटेलात वरणभाताची चौकशी करतो. माझं म्हणणं असं, की जयपूरला राजे बघायला जाऊच नये, पाणी बघायला जावं. पाणी फुकट न मिळालेल्या या मुलखाने त्यावर जेवढी अक्कल खर्च केली, तेवढी आपल्या किनाऱ्याला कधी करावीच लागली नाही. तिथलं ताटही त्याच अकलेतून वाढलेलं आहे.

सुरुवात जयगडापासून करावी. तिथे लोक जयबाण तोफेसमोर उभे राहून फोटो काढतात. हरकत नाही, चाकांवरची ती अवाढव्य तोफ आहेच तशी. पण गडाची खरी मिजास पाण्याच्या टाक्यांत आहे. भोवतालच्या डोंगरांवरचा पाऊस चर खणून वळवला, वाटेत गाळ खाली बसू दिला आणि मग तो गडावर साठवला. सर्वांत मोठ्या टाक्यात साठ लाख गॅलन पाणी मावतं, असं सांगतात. तहान लागल्यावर विहीर खोदणाऱ्यांपैकी ही मंडळी नव्हती. आणीबाणीत, 1976 साली, सरकारने हाच गड गुप्त खजिन्यासाठी पालथा घातला आणि सोन्याचा साठा काही निघाला नाही असं सांगितलं. खजिना त्यांच्या पायाखालीच होता, फक्त तो तिजोरीत भरता येण्यासारखा नव्हता.

खाली शहरात सिटी पॅलेसमध्ये चांदीच्या दोन गंगाजळी आहेत. प्रत्येकीचं वजन तीनशे किलोंच्या वर, आणि पाणी मावतं चार हजार लिटर. सवाई माधोसिंह दुसरे 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांनी अशा भांड्यांतून गंगेचं पाणी बरोबर नेलं. आपल्याकडे परदेशी निघालेला माणूस लोणचं आणि भाजणी नेतो, महाराजांनी पिण्याचं पाणी नेलं. यात धर्म किती आणि अविश्वास किती, हे ठरवणं अवघड आहे. मानसागरातला जलमहाल मात्र काठावरूनच बघावा. तलाव भरला की त्याच्या पाचांपैकी चार मजले पाण्याखाली जातात. पाण्याची इतकी टंचाई असलेल्या मुलखात महाल बुडवून ठेवायचा, याहून मोठी श्रीमंती हवा महालाच्या 953 खिडक्यांतही दिसत नाही.

आता ताट. बाटीची कणीक घट्ट, तिला पाणी बेताचं. ती निखाऱ्यावर भाजायची आणि तुपात बुडवायची. गट्ट्यांची भाजी बेसनाची आणि रस्सा दह्याचा. केर-सांगरी म्हणजे झुडपाची फळं आणि खेजडीच्या शेंगा, उन्हात वाळवून वर्षभर पुरवलेल्या. भाजी नसेल त्या दिवशी पापडाचीच भाजी. या यादीत पाण्याची जागा दह्याने, ताकाने आणि तुपाने घेतली आहे, हे उघड आहे. मीठसुद्धा समुद्राचं नाही, शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या सांभर सरोवराचं. दाल-बाटी-चुरमा सावकाश खायचा तर टोंक रस्त्यावरचं चोखी ढाणी आहे, कांद्याची कचोरी रावतकडे, घेवर जोहरी बाजारात लक्ष्मी मिष्टान्न भांडारमध्ये. एम. आय. रोडवरच्या 1944 सालच्या दुकानात कुल्हडमधली लस्सी दुपारच्या आत गाठावी, नंतर ती संपलेली असते.

कोणी म्हणेल, जयपूर म्हणजे काही जैसलमेर नव्हे, तिथे पाऊस पडतो. पडतो ना! पण पाऊस पडणं आणि पाणी असणं यातला फरक मराठवाड्याला विचारा. दुसरा आक्षेप जास्त टणक आहे: घेवर ही टंचाईची नव्हे, चैनीची वस्तू आहे. मान्य. तुपाच्या कढईत पिठाची धार सोडून जाळी उभी करायची आणि वर पाक ओतायचा, हे कुठल्या गरजेतून सुचणार? पण ते खास श्रावणाचं, तीजेचं पक्वान्न आहे, आणि पाऊस आल्याचा आनंद एवढ्या तुपात तळायला आधी नऊ महिने आकाशाकडे बघत काढावे लागतात. तूप पचत नाही म्हणणाऱ्यांनी बाट्या मोजून खाव्यात, एवढंच सांगता येईल.

वेळ नाही, ही तक्रार मात्र मी ऐकून घेणार नाही. वेळ कुठे जातो ते ठाऊक आहे: बांधणीच्या साड्या आणि लाखेच्या बांगड्या. ही हौस जुनी आहे. जानेवारी 1751 मध्ये होळकर-शिंद्यांच्या फौजेतले लोक शहर बघायला आणि खरेदीला वेशीच्या आत गेले, आणि खंडणीने चिडलेल्या जयपूरकरांनी त्यांची कत्तल केली. आता मराठी गिऱ्हाइकाला तिथे फक्त भावात कापतात. पण टाकी आणि कुंड तेव्हाही बघायची राहिली आणि आताही राहतात.

या अकलेचा वारसा आज टिकला आहे, असा माझा दावा नाही. 1982 च्या एशियाडमधल्या नौकास्पर्धा ज्या रामगढ तलावावर झाल्या, तो पुढे कोरडा पडला. शहर आता बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचं पाणी पितं. तेव्हा जायचं तर श्रावणात जा: घेवर ताजं, जलमहाल पाण्यात. फक्त तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, तेवढं कालनिर्णय बघताना लक्षात ठेवा.