म्हणजे काय हो?

बाळाचं वजन किती, डोळे कुणासारखे, असं विचारलंत तर हा बाबा दोन शब्दांत उत्तर देतो. ‘नाव काय ठेवलं?’ म्हटलंत की मात्र खुर्ची पुढे ओढतो. नाव सांगतो, थांबतो आणि तुमच्या कपाळाकडे बघतो. तिथे आठी पडली नाही तर नाव फसलं म्हणून खट्टू होतो. कारण हे नाव मुलाला हाक मारायला नसतंच. चारचौघांनी ‘म्हणजे काय हो?’ विचारावं, एवढ्यासाठी ते ठेवलेलं असतं.

ह्याचं स्वतःचं नाव संदीप. वर्गात चार संदीप होते आणि दहावीपर्यंत ह्याची ओळख ‘खिडकीजवळचा’ अशी होती. दुखण्याचं मूळ तिथे आहे.

बायकोला सातवा महिना लागला तेव्हा ह्याने यादी करायला घेतली. आरव बाद. अक्षय कुमारचा आरव २००२ सालचा. आता सोसायटीच्या घसरगुंडीपाशी ती हाक मारली की तिघं वळतात. विहान, अद्विक, रियांश त्याच रांगेत. २०२४ मध्ये विराट-अनुष्काने मुलाचं नाव अकाय ठेवलं, तेव्हा आपल्या हातचं नाव गेलं म्हणून हा रात्रभर तळमळला होता. सकाळी आईला ते नाव दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिला वाटलं, हा आपल्यालाच ‘अं, काय?’ म्हणतोय.

पत्रिका न मानणारा हा गृहस्थ जन्माक्षर मात्र मानतो. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. त्यात आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ण. अशा वेळी गुरुजी हळूच शेजारचं सोयीचं अक्षर सुचवतात. (ङ वरून ठेवलेल्या नावाचं बारसं मी तरी अजून जेवलेलो नाही.) बाळ आर्द्रावर यावं, अशी संदीपची फार इच्छा होती. ते आलं स्वातीच्या पहिल्या चरणावर. अक्षर रू. दुसरा कुणी रुद्रवर थांबला असता. ह्याने ऋ धरला, त्याला ज्ञ जोडला आणि मुलगा झाला ऋज्ञ. ऋत जाणणारा तो ऋज्ञ. शब्दकोशात सापडत नाही म्हटलंत तर आणखी खुलतो. सापडलं असतं तर आधीच कुणीतरी ठेवलं नसतं का?

बारशाला कानात कुर्रर्र करायचा मान आत्याचा. तिने आदल्या रात्री सराव केला होता. तरी ऐनवेळी ती काय पुटपुटली, ते ती आणि बाळच जाणे.

खरी मजा पुढे आहे. पुण्याचे आजोबा म्हणतात ‘रुद्न्य’. लखनौचा सहकारी म्हणतो ‘रिग्य’. बोरिवलीतल्या शेजारीण गुजराती; त्यांच्याकडे ऋ चा रु होतो आणि ज्ञ चा ग्न. लसीकरणाच्या दिवशी त्यांनी दारातूनच ‘रुग्न क्यां छे?’ विचारलं, तर बाकावरचे चौघे उठून उभे राहिले. इंग्रजीत जे घालून लिहावं तर बँकेतला माणूस ‘रुजन्या’ वाचतो, डी घालावा तर रुदन ऐकू येतं. संदीप प्रत्येकाला थांबवून जीभ कुठे टेकवायची ते दाखवतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते पगारवाढीच्या दिवशीही नसतं.

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. ही सवलत ह्याने अकराव्या महिन्यापर्यंत वापरली. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने वडिलांच्या आधी आईचं नाव घालायला सांगितलं आहे. कारकुनाने वैशाली, संदीप आणि आडनाव झरझर लिहिलं. पहिल्या शब्दाची जागा मोकळी सोडली आणि वहीच संदीपकडे सरकवली.

आजी नातवाला बंड्या म्हणते. तोही बंड्यालाच ओ देतो. संदीपला ते ऐकू येत नाही.

दुसऱ्याची चाहूल लागली आहे, असं कळतं. बारशाचं आमंत्रण आलं तर घरून थोडं खाऊन निघा. अर्थ सांगून झाल्याशिवाय तिथे पानं वाढत नाहीत.