नावं ठेवावीत कशी? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

नुसत्या ‘मूर्खा’नं आजकाल कुणाचं काही बिघडत नाही. समोरचा ‘तूच’ म्हणतो आणि दोन कटिंग सांगतो. शिवीला वजन यायचं तर तिच्यामागं हजारो माणसं उभी करावी लागतात. चूक एकट्याची असली तरी शिवी द्यायची ती कुठल्या तरी जातीच्या, जमातीच्या, प्रांताच्या नाहीतर अपंगत्वाच्या नावानं. त्या हजारोंना विचारावं लागत नाही, मानधनही द्यावं लागत नाही. ही विद्या बहुतेकांना घरातच, जेवणाच्या ताटावर मिळते. ज्यांचं शिकायचं राहून गेलं, त्यांच्यासाठी हे टिपण.

पूर्वतयारी

एक मित्र, किमान दोन बघे, थोडा राग किंवा थोडी थट्टा आणि एक असा समाज, जो ‘खालचा’ आहे हे न सांगता सगळ्यांना कळतं. यातली शेवटची वस्तू नसेल तर बाकी सगळं वाया जातं. खात्री करून घ्यायची असेल तर मित्राला चारचौघांत म्हणून पाहा, “काय सीए आहेस का रे?” तो कॉलर ताठ करील. म्हणून वस्तू नीट पारखून घ्यावी.

पायरी १ : शब्द निवडणे

माल मुबलक आहे. कुणी जास्त प्रश्न विचारले की चांभारचौकशी. भाषेची सरमिसळ झाली की धेडगुजरी. हा शब्द विद्वानांच्या लेखांतही खपतो, त्यामुळे त्याला प्रतिष्ठा आहे. कुणी खिशात हात घातला नाही की मारवाडी. मुलगा रडला की बायल्या. मुंबईत कुणाचं वागणं रांगडं वाटलं की घाटी, आणि उत्तरेकडच्या कुणावरही वैतागलं की भय्या. हाक ऐकली नाही की बहिरा. क्रिकेटमधला सहा धावांचा फटकाही पुरुषासमोर योग्य सुरात उच्चारला की कामाला येतो.

नवशिक्यांनी सुरुवात ‘भामटा’पासून करावी. सरावाला अडचण नाही, कारण तो पेपरात सतत भेटतो. ‘पोलीस असल्याची बतावणी करून भामट्याने वृद्धेची पोत लांबवली.’ महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावं आहेत. त्यांत कैकाडी, रामोशी, वडार, पारधी आहेत, तसंच भामटाही आहे. निलाजऱ्या माणसाला आपण ज्या नावानं संबोधतो तो बेरडही आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढं त्या कायद्याची व्याप्ती वाढत गेली. माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापुरात अशांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं; त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. कायदा १९५२ साली रद्द झाला, म्हणून या जमाती ‘विमुक्त’. मथळे मात्र अजून मुक्त व्हायचे आहेत.

सेतू केंद्रात जातीच्या दाखल्यासाठी एखादा मुलगा रांगेत उभा असतो. त्याच्या अर्जावर जो शब्द असतो, तोच बाजूच्या बाकावर पडलेल्या पेपरात चोराच्या नावाच्या जागी छापलेला असतो. आधी जमात की आधी शिवी, या वादात नवशिक्यांनी पडू नये. मथळा वाचावा आणि पान उलटावं.

पायरी २ : आडनाव तपासणे

शब्द तोंडातून जाण्याआधी ‘त्यांच्यातलं’ कुणी बसलेलं नाही ना, हे बघून घ्यावं. यासाठी पिढ्यान् पिढ्यांची सिद्ध पद्धत आहे. “आपण कुठले?” असं मायेनं विचारावं. गाव कळलं की “पूर्ण नाव काय म्हणालात?” आडनाव ‘कर’वर संपलं तर पंचाईत, कारण गावाच्या नावावरून केलेलं आडनाव सगळ्या जातींत सापडतं. मग “गावात घर कुठल्या बाजूला?” हा प्रश्न काढावा. हे उत्तर आता पूर्वीसारखं उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला आणि अभ्यासकांची मोठी गैरसोय करून ठेवली.

समोरचा उत्तर टाळतोय असं वाटलं तर ताणू नये. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालचा. जात लपवावी लागणं ही काय चीज असते, हे मराठी वाचकाला तेव्हापासून माहीत आहे. माहीत असूनही गाव विचारत राहणं, यालाच कसब म्हणतात.

पायरी ३ : प्रत्यक्ष प्रयोग

प्रयोगासाठी सोसायटीची वार्षिक सभा उत्तम. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत. वडापाव आलेत, चटणीच्या पुड्या अजून सुटायच्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हिशेबाचा कागद डोळ्यांजवळ धरून विचारतात, “टाकी धुतली एकदाच ना? मग बिल दोनदा कसं लागलं?” खजिनदार फाइल मिटतात. “अहो काकू, कशाला या चांभारचौकशा?” गच्चीभर हशा. काकूही ओशाळं हसून खाली बसतात.

दुसऱ्या रांगेतले एक सभासद हसत नाहीत. ते वडापावच्या कागदाच्या चार घड्या घालतात आणि खिशात ठेवतात. त्यांच्या वडिलांनी कोल्हापुरात चपला शिवून तीन मुलं शिकवली, हे गच्चीवर कुणाला ठाऊक नाही. खजिनदार स्वभावानं वाईट नाहीत. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर पहिली गाडी त्यांचीच निघते. दुसऱ्या रांगेतल्या सभासदांचं त्यांना ठाऊक असतं तर ते ‘नसत्या चौकशा’ म्हणाले असते.

प्रयोगाची फलनिष्पत्ती लिहून ठेवावी. ज्याचा बिलाशी काहीच संबंध नव्हता तो माणूस जेवणापूर्वीच घरी गेला. आणि टाकीचं बिल दोनदा का लागलं, हे कुणाला कळलं नाही.

पायरी ४ : पकडले गेल्यास

घाबरू नये. पुढची वाक्यं पाठ असावीत, आणि याच क्रमानं म्हणावीत.

“तुला नव्हतं म्हटलं.”

“आमच्यात तसलं काही पाळत नाहीत.”

“माझा खास मित्र त्यांच्यातलाच आहे.” (मित्राला विचारायला जाऊ नये.)

“आता काही बोलायचीच सोय राहिली नाही.”

अगदीच अंगावर आलं तर, “कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे.” यातलं ‘असतील तर’ सोडू नये. त्यात आपण चुकलो की समोरचा हळवा, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

शंका-समाधान

*वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींना नावं ठेवली तर?*
ठेवतातच. ‘भट’, ‘कोकणस्थी हिशेब’ हे सगळं रोज चालतं आणि तेही माणसाला त्याच्या जन्मावरून मोजणंच आहे. चूक ती चूकच. मात्र एका शब्दामागं फक्त टिंगल असते, दुसऱ्यामागं नाकारलेली पाणवठ्याची पायरी आणि भाड्यानं न मिळालेली खोली असते. दोन्हींचं वजन सारखं धरणारा तराजू तपासून घ्यावा.

*ते स्वतः वापरतात, मग आम्ही का नाही?*
लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आत्मकथनाला नाव दिलं ‘उचल्या’. पोलिसांनी आणि गावानं जमातीवर मारलेला शिक्का त्यांनी स्वतःच्या मुखपृष्ठावर छापला, आणि १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो शब्द त्यांनी सोसून मिळवला होता. आपल्याला तो वापरायचा असेल तर आधी तेवढं सोसण्याची तयारी हवी. नवशिक्यांच्या अभ्यासक्रमात तो भाग नाही.

*कायदा काही म्हणतो का?*
म्हणतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला इतर समाजातल्या कुणी चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दिव्यांग माणसाचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास तेवढ्याच कैदेची तरतूद आहे. पण आपल्याच जातीतल्या मित्राला गमतीनं दुसऱ्याच्या जातीचं नाव चिकटवलं, तर सहसा यातलं काही लागत नाही. तिथं फक्त आपली अक्कल लागते, म्हणून तो भाग नवशिक्यांना जड जातो.

*पण आता त्या शब्दांत जातीचा अर्थ कुणाच्या मनातही नसतो!*
मग पायरी २ ची गरज काय? कुणाला ‘आळशी’ म्हणण्याआधी कोपऱ्यात एखादा आळशी बसलाय का, हे आपण पाहत नाही. ‘थापाड्या’ म्हणताना समोरच्याचं गाव विचारत नाही. ज्या शब्दासाठी आपण मान वळवून खोली न्याहाळतो, त्याचा अर्थ मनात शाबूत असतो. कळत नव्हतं म्हणणाऱ्याची मान मात्र बरोबर वळते.

सराव

वरचं सगळं कष्टाचं वाटलं तर एक सोपा मार्ग आहे. मराठीत शिव्यांचा दुष्काळ नाही. कवडीचुंबक, लबाड, चोंबडा, आगाऊ, नतद्रष्ट, बिनडोक, उपद्व्यापी. यातली एकही देण्याआधी कुणाचं आडनाव विचारावं लागत नाही, आणि प्रत्येक शिवी थेट ज्याची चूक त्याच्याच दारात जाऊन पडते. पेपरवाल्यांसाठी ‘चोर’ आणि ‘ठकसेन’ हे दोन शब्द मथळ्यात व्यवस्थित मावतात. आणि खजिनदारांसाठी त्याहून सोपं : काकूंनी विचारलं तर बिल दाखवावं.