आधी कागद, मग मथळा

दवाखान्यावर छापा पडला की तासाभरात मोबाइलवर मथळा येतो: ‘अवैध गर्भपाताचा पर्दाफाश’. डॉक्टर कोणत्या पुढाऱ्याच्या गोटातला, यावर लगेच तट पडतात. गर्भपात केंद्राला मान्यता होती का, गर्भ किती आठवड्यांचा होता, लिंगनिदानाची तक्रार होती का, हे विचारायला कुणाला सवडच नसते. अटींत बसणारा गर्भपात १९७१ च्या कायद्याने कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक स्त्रियांना तो २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. लिंगनिदानाचा गुन्हा वेगळा, त्याचा १९९४ चा कायदाही वेगळा. दोन्हींची खिचडी केली की हक्काने उपचार मागणारी बाई घाबरते आणि भोंदू डॉक्टर गाठते.

आपल्या संगमनेरचंच पाहा. सम तारखेला संग केला तर मुलगा आणि विषम तारखेला मुलगी होते, या विधानावरून फेब्रुवारी २०२० मध्ये कीर्तनकार इंदुरीकर महाराजांवर टीकेची झोड उठली, त्यांनी दिलगिरीचं पत्र काढलं. जूनमध्ये संगमनेरच्या कोर्टात लिंगनिदानाच्या कायद्याखाली खटला उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने तो रद्द केला, जून २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पुन्हा चालू केला. २०२१ चं कात्रण दाखवून महाराज निर्दोष म्हणणं चूक आणि २०२३ चं दाखवून दोषी म्हणणंही चूकच. खटला चालवा म्हणणं म्हणजे शिक्षा नव्हे. निकालपत्र उघडून वाचल्याशिवाय हे लिहूच नये. शिवाय या कायद्यातली तक्रार बहुधा त्यासाठी नेमलेला अधिकारी, म्हणजे समुचित प्राधिकारी, थेट कोर्टात करतो, तेव्हा नुसता पोलीस ठाण्याला फोन लावून बातमी पक्की होत नाही.

पण पडताळणी म्हणजे बाईला खोटं ठरवणं नव्हे. जून २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत ओहायोतल्या दहा वर्षांच्या बलात्कारपीडित मुलीला गर्भपातासाठी शेजारच्या इंडियानात जावं लागलं. बातमीला आधार एका डॉक्टरच्या शब्दाचा. राजकारण्यांनी ती थोतांड ठरवली, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या अग्रलेखानेही शंका घेतली. मग ओहायोतल्याच कोलंबस शहराच्या एका वार्ताहराने कोर्टात बसून आरोपीच्या अटकेची बातमी दिली. संशय घेणाऱ्यांना हेच करता आलं असतं, आणि मुलीचं नाव कुठेच लागलं नसतं.

आपल्याकडेही बलात्कारपीडितेचं नाव छापायला कायद्याची बंदी आहे. ती पाळल्याचं दाखवून गाव, शाळा, वडिलांचा धंदा आणि मामाचं आडनाव छापणाऱ्या संपादकाला पहिला जाब वाचकांनी विचारायला हवा.