जानेवारीच्या नदीकडे निघालेल्या गृहस्थांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री प्रथमप्रवासी यांसी,



येत्या डिसेंबरात आपण सहकुटुंब रिओ-द-जानेरोस प्रस्थान ठेवणार असल्याचे शुभवर्तमान आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर, पाणी बंद राहण्याच्या सूचनेच्या शेजारीच, वाचावयास मिळाले; आणि ज्या अर्थी मुक्काम, मुदत व हॉटेलच्या गच्चीतून दिसणारा समुद्र इतका तपशील आपण स्वखुशीने जाहीर केला आहे, त्या अर्थी आपणांस उघड पत्र लिहिण्यास आपली हरकत नसावी, असे मी धरून चालतो. त्या शहरी मी एकदा दहा दिवस राहून आलो आहे, आणि नवख्या माणसास करता येण्याजोग्या बहुतेक चुका मी जातीने केल्या आहेत. त्या आपण पुनश्च मुळापासून करू नयेत, उरलेल्या तेवढ्या कराव्यात, एवढाच या लेखनाचा हेतू.

डिसेंबर हा थंडीचा महिना आहे, ही गोष्ट आपल्या घराण्यात सिद्ध असल्यामुळे आपण चार स्वेटर व दोन कानटोप्या बांधून घेतल्याचे कळते, ते योग्यच झाले. विषुववृत्ताच्या दक्षिणेस त्या दिवसांत भर ग्रीष्म असतो आणि पारा कधीकधी चाळिशीला टेकतो, हे खरे. परंतु आपल्यासारख्या प्रतिष्ठित प्रवाशाने ऋतू पाहून सामान भरावे, की सामान पाहून ऋतूने वागावे, हा निर्णय मी आपल्यावरच सोपवितो.

शिवाय चुकीचे भय बाळगण्याचे कारण नाही, कारण हे शहर मुळी चुकीतूनच नाव पावले आहे. 1502 च्या जानेवारीच्या पहिल्या दिवशी जी पोर्तुगीज गलबते तेथील उपसागरात शिरली, त्यांवरील मंडळींना ते विस्तीर्ण पाणी एखाद्या महानदीचे मुख वाटले आणि त्यांनी त्यास ‘जानेवारीची नदी’ म्हटले, असे सांगतात. अशी महानदी तेथे नाहीच. त्या मुलुखात उतरलेल्या पहिल्या पाहुण्यांनीच स्थळ ओळखण्यात चूक केली, तेव्हा आपण वेगळ्या समुद्रकिनाऱ्यावर टॅक्सीतून उतरलात तर ती परंपराच होय. गंमत अशी की आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला ‘जानेवारी’ हा शब्दही पोर्तुगीजांच्याच ‘जानेइरो’चा मराठी अवतार आहे. तेथील भाषा कळणार नाही म्हणून आपण जी चिंता करीत आहात, तिचे अर्धे ओझे म्हणूनच येथेच उतरवून ठेवावे: बटाट्याला ते ‘बाताता’ म्हणतात, चावीला ‘शावी’, आणि आपल्या पावाचे, साबणाचे, पगाराचे सारे आजोळ त्यांच्याच घरी आहे. याउपर आपण हॉटेलच्या कारकुनाशी मोठ्या आवाजात इंग्रजीच बोलणार असाल, तर आवाज आणखी चढवावा. न समजणाऱ्या माणसास ओरडून समजते, हा आपला अनुभव असेलच.

आता किनाऱ्याविषयी. कोपाकबानाची वाळू सुमारे चार किलोमीटर चंद्रकोरीसारखी पसरलेली असून, तिच्या कडेने काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांच्या लाटांनी मढविलेली जी पदपथाची पट्टी आहे, तिला आजचे भव्य रूप 1970 च्या सुमारास रोबेर्तु बुर्ले मार्क्स या उद्यानरचनाकाराने दिले. त्या दगडी लाटांवरून चालताना पायांखालची जमीन खरोखरच हेलकावते आहे असा भास होतो, आणि मान खाली घालून चालण्याचे सार्थक जगात ज्या थोड्या ठिकाणी होते, त्यांपैकी हे एक. आपण मात्र मान वर ठेवून, गळ्यातील तीन तोळ्यांची साखळी उन्हात लखलखेल अशा बेताने, एका हाती मोबाइल व दुसऱ्या हाती कॅमेरा घेऊन, कमरेच्या पिशवीत सर्वांचे पासपोर्ट आणि सगळी रोकड एकत्र ठेवून मार्गस्थ व्हावे. तेथील भामट्यांनाही पोटे आहेत, आणि त्यांना आपल्या येण्याची खबर सूचनाफलक न वाचताही लागते.

तेथील रहिवासी, ज्यांना ‘कारिओका’ म्हणतात, ते या बाबतीत अगदीच दरिद्री वृत्तीचे. घराची किल्ली, दोन-चार नोटा, आणि ‘कांगा’ नावाचे एक पातळ वस्त्र एवढ्या जामानिम्यावर हे लोक अख्खा रविवार वाळूत काढतात. आणि पाण्यात शिरताना ती पुंजीदेखील शेजारच्या सर्वस्वी अनोळखी कुटुंबास ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणून सोपवून जातात. मी आठ दिवस हा व्यवहार पाहत होतो. नवव्या दिवशी मीही माझी चप्पल एका वृद्ध बाईंच्या स्वाधीन केली, तेव्हा त्यांनी ती उचलून आपल्या छत्रीच्या सावलीत ठेवली, वाळू तापते म्हणून.

परंतु हे शहाणपण नवव्या दिवसाचे. पहिल्या दिवसाची कैफियत निराळी आहे. परदेशात पासपोर्ट अंगावेगळा करू नये, या एका वडीलधाऱ्या उपदेशास अनुसरून मी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. आणि बूट-मोजे, पूर्ण पाटलोण अशा संपूर्ण नागरी वेषात, छायाचित्रासाठी समुद्राकडे पाठ करून उभा होतो. अटलांटिक महासागरास पाठ दाखविलेली खपत नाही. मागून आलेल्या लाटेने मला प्रथम बसविले, मग आडवे केले, आणि शेवटी जेथून उचलले त्याच्या बरेच पुढे नेऊन सोडून दिले. खोलीवर येऊन आम्ही पासपोर्ट एकेक पान उलगडून वाळवावयास घेतला. सौभाग्यवतींनी घरून आणलेले केस वाळविण्याचे यंत्र हाताशी होते; परंतु रिओत घरगुती विजेचा दाब 127 व्होल्ट, यंत्र आपल्या 230 व्होल्टांवर पोसलेले, त्यामुळे त्यातून जी फुंकर निघे ती चहा निवविण्यासही अपुरी पडली असती. रात्री दोनपर्यंत आम्ही आळीपाळीने ते व्हिसाच्या पानावर धरून बसलो होतो. आपणही असेच यंत्र नेत आहात, असे ऐकतो. (पासपोर्टची छायाप्रत खिशात व मूळ प्रत हॉटेलच्या तिजोरीत, ही वहिवाट मी त्या रात्रीनंतर स्वीकारली.)

पाण्यात शिरण्याचा मोह झाल्यास लाल निशाण जेथे लावलेले असेल तेथेच शिरावे, म्हणजे गर्दी कमी लागते. ते निशाण आत ओढून नेणाऱ्या प्रवाहाची सूचना देते, ही क्षुल्लक गोष्ट. तेथील जीवरक्षक अग्निशमन दलाचे असतात, आणि त्यांच्या ‘बोंबेइरो’ या नावाचा आपल्या आगीच्या बंबाशी सोयरेसंबंध आहे. बंबवाल्याने पाण्यातून माणूस काढावा हा चमत्कार ज्यांना जवळून पाहावयाचा असेल त्यांना उपाय मोकळा आहे. किनाऱ्यावर या रक्षकांची जी क्रमांकित ठाणी आहेत त्यांना ‘पोस्टो’ म्हणतात, आणि त्यांच्यावरूनच लोक एकमेकांस पत्ता देतात. इपानेमा किनाऱ्यावरील पोस्टो नऊ म्हटले की कारिओकाच्या डोळ्यांपुढे कोण मंडळी तेथे बसत असतील याचे चित्र उभे राहते, जसे आपणांस पारावरच्या अमुक कोपऱ्याविषयी सांगता येते.

भोजनाची तजवीज आपण चिवडा व लाडू यांनी केलीच आहे. तरी कुतूहल असल्यास ‘किलोवर’ जेवण देणारी खानावळ पाहावी: ताटात हवे ते वाढून घ्यावे, ताट तराजूवर ठेवावे, आणि वजनाप्रमाणे पैसे मोजावेत. शाकाहारी माणसास तेथे डोळ्यांनी पाहून निवडता येते, हा मोठाच दिलासा. कारण अन्यत्र ‘मांस नको’ म्हटल्यावर कोंबडी व डुकराचे काप येण्याचा संभव असतो, तेथील बोलीत मांस म्हणजे बहुधा गोमांसच. काळ्या घेवड्याची उसळ दिसावयास सात्त्विक, परंतु तळाशी चौकशी करावी. किनाऱ्यावर खांद्याला दोन चकचकीत धातूची पिंपे अडकवून, एकातून थंडगार माते चहा व दुसऱ्यातून लिंबूसरबत विकणारे फेरीवाले फिरतात, आणि त्यांच्यापाशीच ‘ग्लोबो’ नावाची पोकळ, कडकडीत कडी मिळतात. ती ज्या कंदाच्या पिठाची असतात त्याच कंदापासून आपला साबुदाणा होतो, हे कळल्यावर आमच्या सोबतच्या एका बाईंनी त्या दिवशी संकष्टी असूनही अर्धे पुडके संपविले, आणि उरलेले अर्धे हाती असताना त्यात अंडे असते काय, असे विचारले.

कोर्कोवादोवरील ख्रिस्ताचा पुतळा आपण पाहालच. पुतळा 1931 चा, पण डोंगर चढणारी रेल्वे 1884 ची. म्हणजे दर्शनाची सोय आधी झाली व देव मागाहून आला. सातशे मीटरांवर ढग केव्हा उतरतील याचा भरवसा नसतो, म्हणून सकाळी खिडकीतून शिखर दिसते की नाही हे न पाहता तिकीट आगाऊ घ्यावे. धुक्यात उभे राहून तीस मीटरांच्या पुतळ्याची फक्त पावले पाहण्याचा योग मला आला, तो आपणांसही लाभो. त्याच डोंगराभोवतीच्या तिजुकाच्या अरण्यात कोकणच्या माणसाने मात्र मन घट्ट करून जावे. कॉफीच्या मळ्यांनी उजाड झालेले ते रान, शहराचे पाणी आटू लागल्यावर, 1861 पासून हाताने लावून वाढविले गेले. आणि त्यात आपला फणस इतका माजला आहे की त्याला उपद्रवी परकीय ठरवून त्याच्या निर्मूलनाचे प्रयत्न चालले आहेत. ब्राझीलवाल्यांनी काजू आपल्याला दिला तो आपण घरजावई करून घेतला. आणि आपल्या फणसाची त्यांनी ही संभावना केली!

संध्याकाळी आर्पोआदोरच्या खडकावर बसलेले लोक सूर्य बुडताच टाळ्या वाजवितात. आपण वाजवू नयेत. आधी तो सूर्य आपल्या कॅमेऱ्यात आला की नाही ते तपासावे.

एक गोष्ट मात्र उपरोध बाजूस ठेवून लिहितो. ब्राझीलहून परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल, तर आपले सरकार त्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकते. माझी ती पिवळी पुस्तिका पासपोर्टातच होती व त्याच्याबरोबरच भिजली; परतीच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तिचा पसरलेला शिक्का उजेडाकडे धरून इतका वेळ न्याहाळला की त्या सहा दिवसांत लागणाऱ्या कपड्यांचा हिशोब मी मनात पुरा केला. लस फक्त अधिकृत केंद्रातच मिळते, आणि ती निघण्यापूर्वी निदान दहा दिवस टोचून घ्यावी लागते. आपल्या सूचनाफलकावर प्रस्थानाची तारीख आहे; लशीची कोठे आढळली नाही. ती आजच ठरवावी, ही विनंती.

आपला,
एक भिजून आलेला शेजारी